सशाला मॅचिंग

चित्रपुस्तकं काढणाऱ्या बहुतेक चित्रकारांना शिवण येत नाही, असं माझं मत झालं आहे आणि या वयात ते बदलण्याची शक्यता नाही. अस्वलाच्या अंगात लाल सदरा असतो. त्याला पुढे बटण नाही, मागे हूक नाही, खांद्यावर टिचबटण नाही. अस्वलाचं डोकं घागरीएवढं आणि सदऱ्याचा गळा वाटीएवढा. हे डोकं त्या गळ्यातून गेलं कसं, याचा खुलासा कुठल्याच पानावर नाही. अस्वलाची काही अडचण नसते, कारण सदरा त्याच्यावर रंगवलेला असतो. अडचण माझी होते. अस्वल व्हायला निघालेली साडेतीन वर्षांची नात दोन्ही हात वर करून उभी असते, सदरा तिच्या नाकाशी अडकलेला असतो आणि आतून आवाज येत असतो, "आजी, अंधार झाला."

लहान मुलांच्या कपड्यांचा सगळा प्रश्न मुळात डोक्याचाच आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीचा चौथा हिस्सा असतं. तीन-साडेतीन वर्षांच्या पोराच्या डोक्याचा घेर वीस इंचांच्या आसपास भरतो आणि छाती त्याहून जेमतेम इंच-दोन इंच मोठी. म्हणजे बेताचा गळा डोक्यातून जात नाही आणि डोक्यातून जाणारा गळा खांद्यावर टिकत नाही. आपल्याकडच्या बायकांनी हे कधीच ओळखलं होतं. बाळंतविड्यातलं झबलं बघा. पाठ उघडी, दोन नाड्या, डोक्याशी संबंधच ठेवलेला नाही. ज्या बाईनं ते पहिल्यांदा बेतलं तिचं नाव कुणाला ठाऊक नाही. अस्वलाला सदरा रंगवणाऱ्याचं मात्र मुखपृष्ठावर ठळक छापलेलं असतं.

माझ्याकडे पायमशीन आहे, वेळ आहे आणि दोन गिऱ्हाइकं आहेत: ही नात आणि तिचा मोठा भाऊ. ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायका फार कटकट करतात, अशी शिंप्यांची तक्रार असते. त्यांनी माझी गिऱ्हाइकं चालवून बघावीत. बाई कितीही भांडली तरी शेवटी "असू दे, पदराखाली झाकलं जाईल" म्हणते. माझ्या गिऱ्हाइकांना पदर नाही. ती पुस्तक उघडतात, चित्रावर बोट ठेवतात, मग माझ्या कामावर बोट ठेवतात आणि म्हणतात, "हे असं नाहीये."

सुरुवात सशापासून झाली. बिअॅट्रिक्स पॉटर यांचा पीटर रॅबिट १९०२ सालचा. निळं जाकीट, पितळी बटणं, खाली काही नाही. सोपं काम, असं कुणालाही वाटेल. पुस्तक पिशवीत टाकलं आणि लक्ष्मी रस्त्याच्या बाजूच्या बोळातल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये गेले. भिंतभर टू बाय टूचे तागे, काउंटरवर बायकांची गर्दी, प्रत्येकीच्या हातात साडीचा पदर.

"काकू, साडी दाखवा."

"साडी नाहीये."

"मग मॅचिंग कशाला?"

"सशाला."

पुण्यातला दुकानदार तो. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. त्यानं पुस्तक घेतलं, ट्यूबलाइटखाली धरलं, मान तिरकी करून सशाकडे पाहिलं आणि वरच्या फळीवरचा तागा ओढला. "चिंतामणी नाही चालायचा, हिरव्यात जातो." मग आकाशी काढला, तो फिका. आनंदी काढला, तो भडक. शेजारी डाळिंबी पैठणी घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी आपली पैठणी बाजूला ठेवली आणि पुस्तक स्वतःकडे ओढून सांगितलं, की हा निळा जांभळ्यात जातो. तिसरीला तो राखाडीत जाताना दिसला. शेवटी दुकानदार पुस्तक आणि दोन तुकडे घेऊन रस्त्यावर उन्हात गेला, परत आला आणि निकाल दिला: "हा नवीन कापडात मिळणार नाही. धुतलेला रंग आहे. हा घ्या, दोनदा सोड्यात धुवा, मग येईल."

जलरंग म्हणजे पाणी घालून उतरवलेलाच रंग, हे कलासमीक्षकांना सांगायला पानंच्या पानं लागतात. पैसे देऊन निघाले तेव्हा त्यानं मागून विचारलं, "अस्तर लावणार का? नका लावू. ससा जाड दिसेल."

घरी आल्यावर खरा संघर्ष मापाचा झाला. सूनबाई म्हणाल्या, "आई, जरा वाढत्या अंगाचं शिवा हं, पुढच्या वर्षीही होईल." आपल्या सगळ्यांचं बालपण वाढत्या अंगाच्या कपड्यांतच गेलं, शेवटी अंगाला बसेपर्यंत ते विरून जायचे. पण पीटर काही वाढत्या अंगाचा ससा नाही. १९०२ पासून तो तेवढाच आहे. जाकीट छातीला घट्ट, बाह्या मनगटाच्या वर. नातीला ते तस्संच पाहिजे होतं. तेव्हा बाह्यांत आणि बगलेत दोन-दोन इंच कापड आत मुडपून दाबून ठेवलं. वरून पॉटर, आतून मराठी मध्यमवर्ग.

आणि जाकीट अंगावर चढल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती ते सोसायटीच्या बागेत टाकून आली. मी कपाळाला हात लावला तर ती शांतपणे म्हणाली, "आजी, ते हरवायचंच असतं." मुद्दा बिनतोड होता. गोष्टीत पीटरची पितळी बटणं गूजबेरीच्या झाडांवर टाकलेल्या जाळीत अडकतात, तो जाकीट टाकून पळतो, आणि शेतकरी त्या जाकिटाचं बुजगावणं करतो. आमच्या माळीकाकांना यातलं काही माहीत नसताना त्यांनी ते धुळीतून उचलून झटकलं आणि गेटशेजारच्या काठीला अडकवलं. नातीला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

त्या गोष्टीतल्या सशाच्या आईबद्दल मला अतोनात आदर आहे. नवरा त्या शेतकऱ्याच्या बायकोच्या, मॅकग्रेगरबाईंच्या पायमध्ये गेलेला, पदरात चार पोरं, सशाच्या लोकरीचे हातमोजे विणून विकायचे आणि संसार चालवायचा. त्यात हा मुलगा पंधरा दिवसांत दुसरं जाकीट हरवून येतो. आणि ती काय करते? त्याला कॅमोमाइलचा काढा पाजून झोपवते. आमच्या वाड्यात एका पोलक्यासाठी यापेक्षा जास्त आवाज व्हायचा.

मघाशी मी "बहुतेक चित्रकार" म्हटलं ते या पॉटरबाईंमुळे. त्यांना सुई ठाऊक होती. १९०३ साली त्यांनी स्वतः पीटरची बाहुली शिवली, मिशांसाठी ब्रशातले केस उपटले आणि लगोलग पेटंट कचेरीत तिची नोंदणी करून टाकली. त्याच वर्षी त्यांचं 'द टेलर ऑफ ग्लॉस्टर' आलं. म्हातारा गरीब शिंपी, नाताळच्या सकाळी नगराध्यक्षाचं लग्न, चेरीच्या रंगाचा रेशमी कोट, साटिनचं जाकीट आणि एकवीस काजं. शिंपी तापानं आडवा पडतो. मांजरानं पकडून कपांखाली कोंडलेले उंदीर शिंप्यानं आधी सोडवलेले असतात; ते रात्रीतून सगळं शिवून ठेवतात. फक्त एक काज राहतं, कारण त्या रंगाचा पीळदार रेशमी दोरा संपतो. बारीक अक्षरात ते तशी चिठ्ठी टोचून जातात. शेवटच्या काजाला दोरा संपणं हे काज केलेल्या माणसालाच सुचतं. बाकीच्यांच्या गोष्टीत पऱ्या येतात आणि दोरा पुरतो. ही हकीकत ग्लॉस्टरमधल्या एका खऱ्या शिंप्याची. त्याच्या हाताखालच्या माणसांनी गुपचूप येऊन काम उरकलं होतं. आणि कोट-जाकिटांची चित्रं पॉटरबाईंनी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातले अठराव्या शतकातले खरे कपडे समोर ठेवून काढली. म्हणून त्या जाकिटांना शिलाया आहेत, खिशाच्या पट्ट्या आहेत, भरतकामाला उलट-सुलट बाजू आहे. ते जाकीट मला कुणी शिवायला सांगितलं तर वेळ लागेल, पण मी शिवीन. अस्वलाच्या सदऱ्याबद्दल असं म्हणवत नाही.

काजांवरून सुरवंट आठवला.

एरिक कार्ल यांचा अति भुकेला सुरवंट १९६९ चा. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नाशपाती, असं करत शुक्रवारी पाच संत्री. प्रत्येक फळात तो भोक पाडतो आणि ते भोक पुस्तकात खरंच असतं, बोट घालून बघण्यासारखं. ही भोकं अमेरिकेत छापून घेणं परवडेना, म्हणून पुस्तक जपानात छापलं गेलं. नातीला फळांचा फ्रॉक हवा होता. फळं लावणं सोपं गेलं. कार्ल स्वतः पातळ कागद रंगवून, कात्रीनं कापून चिकटवायचे, त्यामुळे त्यांच्या चित्राला कापडाचा तुकडा परका वाटत नाही. चिंध्यांच्या पेटीतून संत्री आपोआप निघाली. पण लावलेल्या फळांवर भोकाच्या जागी काळा गोल लावून मी फ्रॉक पुढे केला, तेव्हा नातीनं त्यावर बोट दाबून पाहिलं. बोट आत गेलं नाही. "हे असं नाहीये."

एक, दोन, तीन, चार, पाच, बेरीज पंधरा. कापडाला भोक पाडलं की त्याची कड बांधावी लागते, नाही तर धुतल्यावर फ्रॉक राहत नाही, भोकच राहतं. आणि कड बांधायची तर काजाचा टाका. जपान मला परवडत नव्हतं, म्हणून पेठेतल्या काजबटणवाल्याकडे गेले.

"किती काजं?"

"पंधरा. गोल."

"बटणं आणलीत?"

"बटणं नाहीत."

त्यानं मशीन थांबवलं. "एकही?"

"एकही नाही."

तो बराच वेळ फ्रॉककडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. पैसे त्यानं काजांचे घेतले, सल्ला फुकट दिला: "त्यापेक्षा चेन लावून घ्या."

फ्रॉक घालून नात जिन्यात उतरली तोच शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगंबाई, नवा फ्रॉक! पण कसर लागली की हो." आता गंमत अशी, की कार्ल यांच्या मनात आधी पुस्तकं खाणारी अळीच होती, त्यांच्या संपादिकेनं सुचवलं म्हणून तिचा सुरवंट झाला. म्हणजे काकू चुकल्या नव्हत्या, त्या फक्त पहिल्या खर्ड्यावर होत्या. शनिवारी सुरवंट केक, चीज, सलामी, सॉसेज असलं काय काय खातो, तो भाग फ्रॉकच्या मागच्या बाजूला होता. देवघरासमोर सॉसेज नको म्हणून घरातल्या आजोबांनी त्याला वर हिरवा तुरा लावून गाजर करायची सूचना केली. नातीनं ती एका वाक्यात फेटाळली: सुरवंट गाजर खात नाही.

नातवाचं अस्वल निराळं. डॉन फ्रीमन यांचं 'कॉर्डुरॉय' हे १९६८ चं पुस्तक. दुकानातल्या खेळण्यांत बसलेलं अस्वल, हिरवी डांगरी, आणि तिच्या एका खांद्याच्या पट्ट्याला बटण नाही. सगळी गोष्ट त्या नसलेल्या बटणावर उभी आहे. डांगरी मस्त जमली: बारीक रेघांचं कॉर्डुरॉय, उभ्या धाग्यावर बेतलेलं, डावा पट्टा बटणाविना लोंबता. आणि इथे मला मराठी माणसाच्या स्वभावाचा एक पैलू कळला. भूक, पाऊस, रस्त्यातले खड्डे हे सगळं तो सहन करतो, पण मुलाच्या कपड्याला बटण नाही हे त्याला बघवत नाही. नातू शाळेत गेला, तिथल्या मावशींनी बटण लावून पाठवलं. मी उसवलं. सूनबाईंनी रात्री इस्त्री करता करता लावलं. मी उसवलं. बसस्टॉपवर एका अनोळखी आजींनी पर्समधून सेफ्टी पिन काढली आणि "आई नोकरी करते वाटतं?" असं विचारत पट्टा टाचून दिला. घरातल्या आजोबांनी तर लग्नापासून आजवर सुईला हात लावला नव्हता. त्यांनी पांढऱ्या दोऱ्यानं शर्टाचं बटण लावलं आणि दिवसभर कौतुकाची वाट पाहिली. ते बटण उसवताना मला सगळ्यांत वाईट वाटलं.

मॉरिस सेंडाक यांच्या १९६३ च्या गोष्टीतला मॅक्स लांडग्याचा पांढरा पोशाख घालून घरभर धुमाकूळ घालतो. कान, मिशा, झुबकेदार शेपूट, गळ्यापासून खालपर्यंत बटणं, सगळं एकसंध. असला पोशाख केसाळ कापडाचा करायचा असतो, पण पुण्याच्या एप्रिलमध्ये केसाळ कापड घालून पोरगं लांडगा होत नाही, वाफवलेलं निघतं. मी टर्किश टॉवेलचं कापड घेतलं. हवा खेळते, घाम टिपला जातो, आणि लांडगा आंघोळीहून आल्यासारखा दिसतो, पण चालतं. गळ्यापासून खालपर्यंत बटणं असण्याचा अर्थ काय, तो मात्र शू लागल्यावरच कळतो. सेंडाक यांना मूलबाळ नव्हतं, हे मी कुठंसं वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. मॅक्सला शिक्षा म्हणून न जेवता झोपायला पाठवतात, ही गोष्ट नातवाला परीकथा वाटते. आमच्या घरात शिक्षा उलटी असते: पानातलं संपवल्याशिवाय उठायचं नाही.

आपल्या पुस्तकांचं काय, असं कुणी विचारेल. आपल्याकडे शिवणाऱ्याचे फार हाल नाहीत. 'चांदोबा'तला विक्रमादित्य आणि त्याच्या खांद्यावरचं वेताळाचं प्रेत, हा चित्रकार शंकर यांनी अजरामर केलेला देखावा, त्यात शिवण जवळजवळ नाहीच. धोतर, उपरणं, दागिने आणि एक जुनी पांढरी चादर. अडचण एवढीच, की प्रेत सतत बोलत होतं आणि राजानं ते सोफ्यावर टाकून दिलं. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांतली मुलं तर तुमच्या-आमच्या घरातलेच कपडे घालतात. नात शाळेच्या स्पर्धेला 'राधाचं घर'मधली राधा म्हणून रोजच्या फ्रॉकात गेली. परीक्षकबाईंनी प्रेमानं विचारलं, "राधा का तू? मग कृष्ण कुठेय?"

आणि उंदराची टोपी. चिंधी सापडते, परटाकडून धुवून, रंगाऱ्याकडून रंगवून, शिंप्याकडून शिवून, वर गोंडा लावून एका दिवसात टोपी तयार. कुणी नाही म्हटलं की उंदीर शिपायांची धमकी देतो. लग्नसराईत शिंप्याकडे हेलपाटे घातलेल्या कुणालाही ही गोष्ट बालसाहित्य वाटणार नाही. तिच्याच शेजारी दुसरी गोष्ट, हत्तीच्या सोंडेला सुई टोचणाऱ्या शिंप्याची, ज्याच्या दुकानात हत्ती चिखल उडवतो. त्या गोष्टीत शिंपी खलनायक आहे, ही मी लहानपणापासून अन्यायाची बाब मानत आले. यंदाच्या गणपतीत माझं मत डळमळलं.

सोसायटीच्या वेशभूषा स्पर्धेसाठी दोघांना मिळून एल्मर व्हायचं होतं. डेव्हिड मॅकी यांचा ठिगळांचा रंगीबेरंगी हत्ती, जन्म १९६८. हा एकच प्राणी असा, की ज्याची शिवण मला आईच्या पोटातूनच येते. कारण एल्मर म्हणजे गोधडी. ट्रंक उघडली. सासूबाईंचं इरकल, आजोबांचा बँकेत घालायचा चौकड्यांचा शर्ट, माझ्या जुन्या साड्या, मधोमध एक हिरवा तुकडा, ज्याच्याकडे बघून सूनबाई एकदम गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "आई, ही माझ्या डोहाळजेवणाची साडी होती ना?" मी धावदोरा घालत राहिले. कानांना बक्रम, सोंडेत जुने मोजे. पुढचे दोन पाय नातवाचे, मागचे दोन नातीचे. मागचे पाय कुणी व्हायचं यावर आठवडाभर वाटाघाटी झाल्या आणि शेपटी हलवण्याचा संपूर्ण अधिकार मिळाल्यावरच नात तयार झाली.

मंडपात हत्ती चढला आणि सगळ्यांच्या तोंडून एकच उद्गार निघाला: "मोरया!" गणेशोत्सवातल्या मंचावर ठिगळांचा इंग्रज हत्ती आहे, हे कुणाला सांगणार? पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी पुढे होऊन दूर्वा वाहिल्या. मोजे एका बाजूला सरकल्यामुळे सोंड उजवीकडे वळली होती. त्यावरून दोन आजोबांमध्ये वाद पेटला, की उजव्या सोंडेचा कडक असतो आणि त्याला असं चपला घालून मंचावर आणणं बरं नव्हे. नातू आतून ओरडून सांगत होता, "मी एल्मर आहे, एल्मर!" निवेदिकेनं ते माइकवर "एल मार" असं जाहीर केलं.

एवढ्यात मंडपाच्या मागच्या बाजूनं घोषणा झाली, की तळलेल्या मोदकांचा प्रसाद सुरू झाला आहे. हत्तीचा मागचा भाग थबकला. गोधडी वर उचलली गेली, दोन छोटे पाय बाहेर आले आणि शेपटीसकट प्रसादाच्या रांगेकडे पळाले. पुढचा अर्धा हत्ती तसाच परीक्षकांसमोर उभा. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर फक्त नातवाचं नाव घातलं, म्हणून नातीनं फेरविचाराचा अर्ज दिला आहे. तिचं म्हणणं असं, की हत्ती पुढे पुढे जात होता तो मागून ढकलल्यामुळे.